कॅननची १०-१८ सोलापूरच्या माळावर: कुठे चालते, कुठे फसते

सोलापुरातून कुठल्याही रस्त्याने अर्धा तास गाडी हाकली की समोर तेच येतं. खाली माळाची नाहीतर काळ्या रानाची पट्टी, वर आभाळच आभाळ. ना डोंगर, ना दरी. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्समध्ये हे मावत नाही म्हणून माणूस वाइड, म्हणजे जास्त रुंद बघणारी लेन्स शोधायला लागतो, आणि खिसा बेताचा असला की शोध हमखास एका नावावर येऊन थांबतो: कॅनन ईएफ-एस १०-१८ एमएम एफ ४.५-५.६ आयएस एसटीएम. २०१४ साली आलेली ही लेन्स अजूनही कॅननचे २००डी, १५००डी हे कॅमेरे वापरणाऱ्यांच्या बॅगेत सर्रास दिसते. लेन्स चांगली आहे. पण ‘सगळं मावावं’ एवढ्यासाठीच घेतली असेल तर पहिल्या फेरीनंतर पैसे वाया गेल्यासारखं वाटणार, हे नक्की.

कारण साधं आहे. झूमच्या सर्वांत रुंद टोकाला, म्हणजे १० एमएमला, ही लेन्स आडवं सुमारे ९६ अंश बघते. एवढं रुंद बघायचं म्हणजे प्रत्येक गोष्ट लहान करूनच बघायचं. रस्त्याच्या कडेला उभं राहून डोळ्याच्या उंचीवरून माळाचा फोटो घेतला तर क्षितिजावरची बाभूळ मोहरीएवढी होते, लांबचं देऊळ ठिपका होतं, आणि फोटोचा खालचा अर्धा भाग नुसत्या मुरमाने भरतो. डोळ्याला भव्य दिसलेलं फोटोत ओसाड दिसतं. दोष लेन्सचा नाही. ही लेन्स लांबचं बघण्यासाठी नाहीच, पायाजवळचं मोठं करून त्याच्यामागे लांबचं ठेवण्यासाठी आहे.

आता वस्तू कशी आहे ते. वजन २४० ग्रॅम, म्हणजे दिवसभर गळ्यात राहिली तरी मान धरत नाही. फिल्टरचा आटा ६७ एमएम. माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणारी कडी, प्लास्टिकचं आहे. त्यावरून नाकं मुरडणारे बरेच असतात, पण एवढ्या हलक्या लेन्सला धातूच्या माउंटने फारसा फरक पडला नसता. खरी उणीव वेगळी आहे: धूळ-पाण्यापासून बचावाचं सील कुठेच नाही, माउंटपाशी रबरी कडाही नाही. सोलापूरच्या धुळीत ही गोष्ट प्लास्टिकपेक्षा जास्त नडते. हूड डब्यात येत नाही, ईडब्ल्यू-७३सी वेगळा घ्यावा लागतो. लेन्स फक्त क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅननवर बसते. फुल फ्रेम डीएसएलआरवर चढतच नाही. आर५०, आर१० असा मिररलेस कॅमेरा असेल तर अडॅप्टर लावून व्यवस्थित चालते, मात्र त्या बॉडीसाठी २०२३ मध्ये आलेली आरएफ-एस १०-१८ फक्त १५० ग्रॅमची आहे आणि अडॅप्टरची कटकट नाही. मिररलेस नव्याने घेणाऱ्याने जुनीच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

सर्वांत कामाचा आकडा जाहिरातीत कुणी ठळक छापत नाही: २२ सेंटीमीटर. एवढ्या जवळ ही लेन्स फोकस करते, आणि हे अंतर सेन्सरपासून मोजलेलं. लेन्सची लांबी आणि बॉडीची खोली वजा केली तर पुढच्या काचेपासून उरतात जेमतेम दहा सेंटीमीटर, वीतभरसुद्धा नाही. सोलापूरच्या सपाटीवर या लेन्सचा सगळा खेळ या दहा सेंटीमीटरांत आहे.

उन्हाळ्यात मंगळवेढ्याच्या बाजूला गेलात तर हे लगेच कळेल. ज्वारीचं कोठार म्हणतात त्या तालुक्यातली ही काळी माती. इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही माती पाण्याने फुगते, वाळली की आक्रसते आणि एप्रिलपर्यंत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उभं राहून काढल्या तर त्या नुसत्या रेघा दिसतात. आता कॅमेरा जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर आणा, लेन्स किंचित खाली झुकवा, एक रुंद भेग फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यातून आत शिरेल अशी धरा. तीच भेग पुढे ओढ्यासारखी रुंद होते आणि क्षितिजाकडे निमुळती होत जाते. ढेकळांच्या कडा, भेगेच्या आतला ओलसर काळा रंग, मध्येच उभा राहिलेला ज्वारीचा धसकट, सगळं मोजून घ्यावं इतकं स्पष्ट येतं.

हे स्पष्ट येण्यासाठी फोकस कुठे करायचा ते महत्त्वाचं. एफचा आकडा म्हणजे लेन्समधल्या भोकाचं, ॲपर्चरचं माप: आकडा मोठा तितकं भोक बारीक. १० एमएम आणि एफ ८ ला क्रॉप सेन्सरवर हायपरफोकल अंतर सुमारे ६७ सेंटीमीटर येतं. म्हणजे सव्वादोन फुटांवर फोकस केला की साधारण एक फुटापासून पार क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं तीक्ष्ण. एफ ११ ला हेच अंतर अर्ध्या मीटरच्या आत येतं. झूम १८ वर नेलं की मात्र हिशेब बदलतो: एफ ८ ला दोन मीटरच्या पुढे फोकस करावा लागतो आणि मीटरभरापेक्षा जवळचं मऊ पडतं. मोठी प्रिंट काढायची असेल तर १० एमएमला सव्वादोन फुटांऐवजी तीन फुटांवर फोकस ठेवा. हायपरफोकलचं गणित लांबच्या टोकाला अगदी काठावर पास करतं, आणि सपाट मुलखात लोकांची नजर आधी क्षितिजावरच जाते. एफ १६, २२ च्या नादी लागू नका. २४ मेगापिक्सेलच्या या सेन्सरवर एफ ११ नंतर सगळीच तीक्ष्णता विवर्तनाने, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरल्याने, उतरायला लागते.

अडचण अशी की लेन्सवर अंतराची पट्टीच नाही. शिवाय फोकस रिंग तारेवरची: ती फिरवली की आतली मोटर फिरते, काच थेट फिरत नाही. कॅमेरा बंद असला किंवा झोपला की रिंग कितीही फिरवा, काही होत नाही. ती कुठे अडतही नाही, त्यामुळे ‘रिंग शेवटपर्यंत नेली की अनंत’ ही जुन्या लेन्सवरची सवय इथे उपयोगाची नाही. उपाय सोपा: दोन-तीन फुटांवर एखादं ढेकूळ किंवा पाण्याची बाटली ठेवायची, लाइव्ह व्ह्यूमध्ये त्यावर ऑटोफोकस करायचा, मग लेन्सवरचं बटण एमएफवर सरकवायचं. तो फोकस हलत नाही, फक्त त्यानंतर रिंगला चुकून हात लावायचा नाही.

आणखी एक. काळ्या रानाने फ्रेम भरली की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. तो काळ्याला राखाडी करायला बघतो, आणि त्या भरात आभाळ पांढरं फटक होऊन जातं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोन तृतीयांश ते उणे एकपर्यंत घ्या आणि हिस्टोग्रामचं, म्हणजे उजेडाच्या आलेखाचं, उजवं टोक भिंतीला आपटत नाही ना ते बघा. माळावरच्या वाळलेल्या पिवळ्या गवताला हा त्रास फारसा नाही, तिथे शून्यावरच बहुधा जमतं.

बॉडीचाही यात हात आहे. लेन्स जमिनीलगत वापरायची म्हटल्यावर स्क्रीन फिरणारा हवा. २००डीचा स्क्रीन बाहेर येतो, वर वळतो. १५००डीचा पाठीला चिकटलेला असतो, त्यामुळे प्रत्येक फोटोला पोटावर आडवं व्हावं लागतं, आणि माळावर गवताबरोबर कुसळं, सराटेही असतात. फोनवर कॅमेऱ्याचं ॲप घेऊन फ्रेम बघणं हा त्यावरचा मार्ग. गाडीत जुनी सतरंजी असू द्यावी.

ज्वारीच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, कणसं भरलेली असताना पिकाच्या दोन तासांच्या, म्हणजे ओळींच्या, मध्ये बसून काढलेले फोटो या लेन्सचे सगळ्यात चांगले. धाटं दोन्ही बाजूंनी वर झुकतात, तास एका बिंदूकडे धावतात. सूर्य कणसाआड अर्धा झाकला आणि एफ १६ ठेवलं तर चौदा किरणांची चांदणी पडते, कारण ॲपर्चरची पाती सात आहेत आणि विषम पात्यांचे किरण दुप्पट होतात. विवर्तनाचा वर सांगितलेला तोटा एवढ्या एका फोटोपुरता सोसायला हरकत नाही. मळ्यात शिरण्याआधी मात्र बांधावरच्या माणसाला ‘दादा, दोन फोटो काढू का?’ विचारायचं. हुरड्याच्या दिवसांत नाही म्हणणारा विरळा, उलट आगटीपाशी बसवून घेतील आणि मग सूर्यास्त हातचा जाईल. काढणी झाल्यावर कडब्याची बुचाडं उभी राहतात, तीही चांगली. बुचाडाला जवळजवळ टेकून उभं राहायचं. चार पावलं मागे गेलात की ते रानात हरवतं.

वाऱ्याचा हिशेब बरेच जण चुकवतात. लेन्सला आयएस, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय आहे, कॅननच्या म्हणण्यानुसार चार स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि हातात धरून पाव सेकंदाला १० एमएमचा फोटो व्यवस्थित मिळतो. पण आयएस हात सावरतं, गवत सावरत नाही. काचेपासून वीतभरावर असलेलं कुसळीचं पातं वाऱ्यावर हललं की एक षष्ठांश सेकंदाला त्याचा नुसता फराटा होतो. तिथे आयएसओ ४०० ते ८०० करून शटर १/२०० च्या वर न्यावं लागतं. ट्रायपॉडवर आयएस बंद करा. ट्रायपॉडचा एक पाय लेन्सच्या दिशेने पुढे ठेवायचा ही एरवीची शिकवण इथे उलटी करायची, कारण लेन्स खाली झुकवली की तोच पाय फ्रेममध्ये येतो. मधला दांडा वर काढू नका, वाऱ्याने तो हलतो.

स्वतःच्या सावलीचंही तसंच. सकाळी-संध्याकाळी ऊन कोवळं असतं तेव्हा सूर्य पाठीशी घेतला तर ९६ अंशांच्या फ्रेममध्ये तुमची लांबलचक सावली हमखास पडणार. सूर्य बाजूला ठेवा, म्हणजे सावली जाते आणि ढेकळांना उठावही येतो. सोलापुरात डिसेंबरात सूर्य पावणेसातनंतर उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. मे महिन्यात सहाच्या आत उगवतो, मावळायला सातला पाच-दहा मिनिटं असतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीही पडत नाही. त्या दिवसांत दहा ते चार कॅमेरा बॅगेत ठेवून गाडीने अंतर कापावं, हे बरं.

आभाळासाठी लेन्स चांगलीच आहे, फक्त आभाळात काहीतरी हवं. मार्च-एप्रिलच्या धुरकट पांढऱ्या आभाळाला १० एमएमने बघण्यात काही मिळत नाही. वळवाचे ढग मेमध्ये दुपारनंतर चढतात आणि परतीच्या पावसाचे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. १० एमएमला कडेचे ढग बाहेर ताणले जातात आणि सगळं आभाळ एका ठिकाणाहून फुटल्यासारखं दिसतं. इथे क्षितिज फ्रेमच्या तळाशी न्यायचा मोह होतो. तसं केलं की दुसरी अडचण येते: १० एमएमला लेन्स कडेच्या सरळ रेघा बाहेर फुगवते, म्हणून तळाशी ठेवलेलं क्षितिज मधोमध खाली झोल खातं आणि वरच्या कडेला नेलेलं कमान होतं. डोंगराळ मुलखात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे क्षितिज फूटपट्टीने आखल्यासारखं असतं, त्यामुळे पहिल्या नजरेत दिसतं. सॉफ्टवेअरमधली लेन्स प्रोफाइल लावली की सरळ होतं, पण कडा थोड्या कापल्या जातात, तेव्हा फ्रेम जरा सैल ठेवा. कोपरेही १० एमएम, एफ ४.५ ला बरेच काळवंडतात. एफ ८ ला ते सुसह्य होतं. कॅमेऱ्यातली दुरुस्ती फक्त जेपेगला लागते. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढणाऱ्याने ती नंतर करायची.

वळवाच्या ढगांबरोबर विजा येतात. उघड्या माळावर ट्रायपॉड रोवून उभा माणूस म्हणजे आसपासची सगळ्यात उंच गोष्ट. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर सामान जमिनीवर सोडून गाडीत बसायचं, काचा वर, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. बाभळीखाली तर मुळीच नाही.

पोलरायझरबद्दल, म्हणजे चमक काढणाऱ्या फिरत्या सीपीएल फिल्टरबद्दल, बाजारात चुकीचा सल्ला फार मिळतो. ‘लँडस्केप म्हणजे सीपीएल घ्याच’ असं सांगून दुकानदार ६७ एमएमचा तुकडा हातात देतो. सीपीएलचा परिणाम सूर्यापासून काटकोनात सर्वांत जास्त आणि दोन्ही बाजूंना कमी होत जातो. किट लेन्सच्या फ्रेममध्ये हा फरक झाकून जातो. ९६ अंशांत नाही. निळ्या आभाळात मध्येच गडद पट्टा उमटतो, दोन्हीकडे फिकट, आणि तो नंतर घालवणं जिकिरीचं. सीपीएल वापरा, पण झूम १८ कडे नेऊन, किंवा आभाळ अगदी थोडं असताना: उजनीच्या पाण्यावरची चमक काढायला, पावसानंतर ओल्या पानांचा हिरवा रंग आणायला. फोकस करताना पुढची काच फिरत नाही, त्यामुळे एकदा लावलेला कोन टिकतो. यूव्ही फिल्टरवर सीपीएल चढवू नका, १० एमएमला कोपरे काळे होतात. पातळ कडेचा एकच फिल्टर.

सोलापूरच्या क्षितिजाला खरा शोभतो तो कडक कडेचा ग्रॅज्युएटेड एनडी, म्हणजे वर गडद आणि खाली स्वच्छ असा फिल्टर. डोंगराळ भागात त्याची सरळ रेघ शिखरं कापते, म्हणून तिथे लोक मऊ कडेचा घेतात. इथे क्षितिजच सरळ आहे. दोन स्टॉपचा पुरतो, सूर्यास्ताला तीनचा. एक लक्षात ठेवा: १० एमएमला एफ ८ म्हणजे ॲपर्चरचं भोक फक्त सव्वा मिलिमीटरचं. एवढ्या बारीक भोकातून फिल्टरची कड आणखी धारदार दिसते. म्हणून डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून, म्हणजे भोक खरोखर बारीक करून, लाइव्ह व्ह्यूमध्ये कड बरोबर क्षितिजावर बसवायची. फिल्टरचा खर्च नको असेल तर उणे दोन, शून्य, अधिक दोन असे तीन फोटो ब्रॅकेटिंगने घ्या. गवत हलत असेल तर मात्र जोडताना दुहेरी पाती दिसतात, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी फिल्टरच बरा.

नान्नजबद्दल अपेक्षा आधीच कमी करून ठेवा. १९७९ सालचं माळढोक अभयारण्य बार्शी रस्त्यावर, शहरापासून विसेक किलोमीटरवर आहे, आणि तिथलं गवताळ रान संध्याकाळच्या उन्हात अप्रतिम दिसतं. पण काळवीट या लेन्समध्ये मुंगीएवढं येतं, आणि ते मोठं करण्यासाठी जवळ जाणं हा पर्यायच नाही. माळावरचे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. ठरलेली वाट सोडून गवतात लोळायचं नाही, म्हणजे या लेन्सची मुख्य युक्ती इथे बंद. वन विभागाच्या परवानगीने जायचं आणि ५५-२५०, म्हणजे लांबचं जवळ ओढणारी टेली लेन्स, घेऊन जायचं. खरं सांगायचं तर ज्याच्याकडे ५५-२५० नाही त्याने आधी तीच घ्यावी. बांधांमागे बांध, बाभळींमागे बाभळी, धुळीत विरत जाणारे थर हे लांब लेन्सच जवळ ओढून एकावर एक रचते. सपाट मुलूख टेलीने जास्त खुलतो, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी.

उजनीचा जलाशय हा मधला मामला. हिवाळ्यातल्या रोहित पक्ष्यांसाठी जात असाल तर १०-१८ घरीच ठेवा. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की उघडा पडणारा गाळ, त्यात रुतलेली होडी, वाळून वर वळलेल्या चिखलाच्या खपल्या, यासाठी मात्र हीच. चिखलाच्या वरच्या सालीवर विश्वास ठेवू नका, वर वाळलेली आणि खाली ढोपरभर लिबलिबीत असते. ट्रायपॉडच्या पायांखाली नारळाच्या करवंट्या पालथ्या ठेवल्या की तो रुतत नाही.

नळदुर्ग हैदराबाद रस्त्यावर, धाराशिव जिल्ह्यात. बोरी नदीला पाणी असताना पाणीमहालाच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात. समोरून १० एमएमला ते दोन पांढऱ्या रेघा होतात, तिथे १८ सुद्धा कमी पडतं. किल्ल्याच्या आत, अरुंद जागेत लेन्स कामाला येते, आणि पाव सेकंदाला हातात धरून पाणी मऊ करता येतं. तुषार मात्र पुढच्या काचेवर लगेच बसतात. कोरडं मायक्रोफायबर दोन नग ठेवा. सील नाही हे विसरू नका. लेन्स ओली झाली की झूम आत-बाहेर करायचं नाही, आधी पुसायची.

रात्रीच्या आभाळाला एफ ४.५ तोकडं पडतं. टोकिना ११-१६ एफ २.८ अडीचपट प्रकाश घेते, पण ती अर्धा किलोच्या वर, आणि तिला आयएस नाही. १०-१८ ने आकाशगंगा निघतच नाही असं नाही. वीस सेकंद, एफ ४.५, आयएसओ ६४००, अमावस्येच्या आसपासची रात्र. शहराचा उजेड मागे टाकून मंगळवेढ्याच्या पुढे किंवा अक्कलकोटच्या बाजूच्या आडरानात जायला हवं. मेच्या मध्यावर पहाटे पावणेतीनच्या सुमारास आकाशगंगेचा गाभा बरोबर दक्षिणेला असतो, क्षितिजापासून सुमारे ४३ अंश वर. कॅमेरा उभा धरला की खाली रान ठेवूनही गाभा आरामात मावतो. फोकससाठी लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून ठळक ताऱ्यावर हाताने. ध्रुवतारा सोलापुरातून साडेसतरा-अठरा अंशांवरच असतो, त्यामुळे ताऱ्यांची वर्तुळं काढताना उत्तरेला क्षितिज आणि ध्रुव दोन्ही आडव्या फ्रेममध्ये बसतात.  साखर कारखान्यांच्या हंगामात मात्र रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, कित्येकींना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. तारे बघायला जायचं तर तिथे उजेड असतानाच पोचावं.

गाडीतल्या सांभाळाचं थोडं. पुणे-हैदराबाद महामार्गावर फोटोसाठी कडेला थांबणं धोक्याचं आहे आणि तिथून निघतात ते विजेचे खांब नि तारा, ९६ अंशांत एकही सुटत नाही. पाणंदीत वळा. ट्रॅक्टरला वाट राहील अशी गाडी लावा. लेन्स बदलायची तर इंजिन आणि पंखा बंद, काचा वर, धूळ खाली बसायला दोन मिनिटं, बॉडीचं तोंड खाली. बॅग डिकीत नको, डॅशबोर्डवर तर नकोच, पुढच्या सीटमागे पायाशी ठेवा. पावसाळ्यात एसीतून उजनीच्या दमट हवेत लेन्स काढली की काच धुरकटते. बॅग बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहू द्या. माळावरची धूळ कापडाने पुसू नका, त्यात बारीक गारगोटी असते. आधी ब्लोअर, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी.

सेकंडहँड घेत असाल तर दुकानात उभ्या-उभ्या चार गोष्टी होतात. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने मारून पुढून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, परत द्या. धुळीचे पाच-दहा कण असले तर चालतात. माउंटच्या तिन्ही पाकळ्यांना चीर नाही ना ते नखाने तपासा. लेन्स हलवल्यावर आत येणारा हलका खडखड आवाज आयएसचा, तो दोष नाही. पण शटर अर्धं दाबल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थरथरत असेल तर आयएस गेलेलं आहे. शेवटची चाचणी दुकानाबाहेर. भुईकोटासमोर किंवा हिप्परगा तलावाच्या बांधावर उभं राहा, १० एमएम, एफ ४.५, ऑटोफोकस. किल्ल्याचा एकच बुरूज किंवा पलीकडच्या काठावरचं एकच झाड पाळीपाळीने चारही कोपऱ्यांत ठेवून चार फोटो घ्या आणि मोठे करून बघा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर लेन्स ठीक. एकच कोपरा इतरांपेक्षा जास्त पुसट असेल तर आतली काच सरकलेली आहे, लेन्स कधीतरी पडलेली आहे, आणि ती दुरुस्त करण्याचा खर्च लेन्सच्या किमतीला जाऊन भिडतो.